मेंदूला नंबर देणारा माणूस

ब्रेन इमेजिंगचा कुठलाही पेपर उघडा, 'बीए ४४', 'बीए १७' असे नंबर दिसतातच. बीए म्हणजे ब्रॉडमन एरिया. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये या एरियांचे मास्क आम्ही एमआरआयवर बसवत होतो आणि ते काही केल्या नीट बसेनात. तेव्हा हा ब्रॉडमन कोण, याचा मी शोध घेतला.

कॉर्बिनियन ब्रॉडमन १८६८ साली जर्मनीतल्या लिगर्सडॉर्फ नावाच्या खेड्यात जन्मला. १८९५ मध्ये डॉक्टर झाला, आणि लगेच घटसर्प झाला! त्यातून बरं होण्यासाठी तो अलेक्झांडर्सबादला गेला. तिथे त्याला ओस्कार फोग्ट भेटला आणि मेंदूचं वेड लागलं. पुढे फ्रँकफर्टला अल्झायमरची (हो, तोच!) ओळख झाली. १९०१ पासून बर्लिनला फोग्टच्या प्रयोगशाळेत.

तिथलं काम म्हणजे नुसती चिकाटी. मेंदूचे पातळ काप करायचे, निस्लच्या पद्धतीने रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे थर बघत बसायचं. थरांची जाडी, पेशींची दाटी बदलली की तिथे सीमा. १९०९ च्या पुस्तकात त्याने हा नकाशा मांडला. नंबर ५२ पर्यंत जातात, पण १३ ते १६ माणसाच्या त्या नकाशात नाहीत, कारण माकडं आणि इतर प्राण्यांनाही तेच नंबर दिलेले.

आता आमच्या मुद्द्यावर. या नकाशात एक्स, वाय, झेड कुठे आहेत? नाहीतच. ते चित्र होतं. १९८८ मध्ये तालैराक आणि तुर्नू यांनी एकाच स्त्रीच्या मेंदूवरून अ‍ॅटलास काढला आणि त्यावर हे नंबर नजरेच्या अंदाजाने टाकले. नंतर १५२ जणांच्या सरासरीतून एमएनआय स्पेस आली. तो मेंदू तालैराकच्या मेंदूपेक्षा मोठा आहे, त्यामुळे तीच जागा काही ठिकाणी सेंटिमीटरभर सरकते. म्हणून मास्क सरकलेला दिसला की आधी तो कुठल्या स्पेसमधला आहे ते बघा.

आमचा मास्क १८१×२१७×१८१ चा आणि टेम्प्लेट १८२×२१८×१८२ चं होतं. फरक एकेका व्हॉक्सेलचा, पण दोघांचा ओरिजिनही वेगळा. व्हॉक्सेल नंबर जुळवण्यात अर्थ नाही. हेडर वाचून मिलिमीटरमध्ये जुळवायचं. डावं-उजवं उलटलंय का तेही तिथेच कळतं. मेंदू जवळजवळ सममित असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनी ही चूक सापडत नाही, आणि ४४ नंबर डाव्या बाजूला बहुतेकांच्या बोलण्याशी जोडलेला असतो!

रीसॅम्पलिंग करताना इंटरपोलेशन नेहमी 'निअरेस्ट नेबर' ठेवा. सरासरी काढणारं ठेवलंत तर ४ आणि ६ च्या सीमेवर ५ ची पट्टी उगवते. खरा ५ नंबर तिथे नाहीच, तो मागे पॅरायटल भागात आहे. ब्रॉडमनचे नंबर ही नावं आहेत, त्यांची बेरीज-भागाकार होत नाही.

सगळं जुळलं तरी सीमा पक्की नसते ती नसतेच. १९९९ मध्ये दहा मेंदू कापून ४४ आणि ४५ मोजले गेले, तर माणसागणिक आकार बराच वेगळा निघाला. माझ्या मते रिपोर्टमध्ये हे स्पष्ट लिहायला हवं.

ब्रॉडमनचं पुढे काय झालं? बर्लिनच्या मेडिकल फॅकल्टीने त्याचा प्रबंध नाकारला आणि तिथे प्राध्यापक होण्याची वाट बंद झाली. १९१० मध्ये तो ट्युबिंगेनला गेला, १९१६ मध्ये हालेला. १९१७ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लग्न केलं. १९१८ मध्ये क्रेपेलिनने म्युनिकच्या नव्या संस्थेत बोलावलं. अखेर मनासारखी जागा मिळाली. काही महिन्यांतच, २२ ऑगस्ट १९१८ ला, जंतुसंसर्ग रक्तात पसरून तो गेला. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी.