प्रिस्किल्लाबाईंचे घर

आद्य मंडळीचा इतिहास वाचताना आपले लक्ष प्रेषितांकडे जाते. ज्यांच्या घरी मंडळी जमे त्यांच्याकडे क्वचितच. प्रिस्किल्लाबाई त्यांपैकी एक होत. त्यांचे पती अक्विल्ला हे मूळचे पंत प्रांतातील यहूदी. धंदा राहुट्या करण्याचा. इ. स. ४९ च्या सुमारास क्लौद्य कैसराने यहूद्यांस रोम शहरातून घालविले, तेव्हा हे दांपत्य बिऱ्हाड उचलून करिंथास आले. पौलही त्याच धंद्याचा. तो त्यांच्या घरी राहून काम करू लागला.

पुढे इफिसात, व मागाहून पुन्हा रोमेत, त्यांच्या घरी मंडळी भरे. निराळे प्रार्थनामंदिर त्या काळी नव्हते. प्रभुभोजन पोटभर जेवणासहित होई, आणि दास व धनी एकाच मंडळीत असत. हे सोपे नव्हते. करिंथात सधन लोक आधीच जेवून घेत व गरीब उपाशी राहत, म्हणून पौलाला त्यांची कानउघाडणी करावी लागली. पंक्तिभेदाचा रोग किती जुना आहे, पाहा!

इफिसात अपुल्लोस नामक विद्वान वक्ता आला. त्यास केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. चारचौघांत त्याचा पाणउतारा न करता या उभयतांनी त्यास आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजाविला. पौलासाठी तर त्यांनी आपला जीव धोक्यात घातला होता, सुमारे इ. स. ५७ मध्ये रोमकरांस लिहिताना त्याने ते कृतज्ञतेने नमूद केले. तेथे, आणि तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सलामातही, पतीच्या आधी नाव बाईंचेच आहे.