अहिल्याबाईंचे घर

चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची ही कन्या. जन्म १७२५ चा. सासरचे होळकरही मूळचे दक्षिणेतले. आडनाव होळ गावावरून आलेले. मल्हाररावांचे बालपण खानदेशात, तळोदे येथे मामा भोजराज बारगळ यांच्याकडे गेले आणि मामांचीच कन्या गौतमाबाई त्यांची पत्नी झाली. पेशव्यांच्या चाकरीत माळव्याचा मुलूख लाभला आणि हे धनगर घराणे इकडचेच झाले.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सती निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी आवरले, कारभारात घातले. १७६६ साली सासरे गेले, पुढल्याच वर्षी पुत्र मालेराव. दौलत गिळू पाहणाऱ्या राघोबादादांचा बेत मात्र बाईंनी तडीस जाऊ दिला नाही. सैन्याची धुरा त्यांनी तुकोजीरावांवर सोपविली व महेश्वरास राजधानी केली.

बाईंच्या घाटदेवळांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या ओस पडत गेलेल्या घराविषयी त्या मानाने थोडेच. कन्या मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. तिचा एकुलता पुत्र नथोबा अकाली गेला. पाठोपाठ १७९१ मध्ये यशवंतरावही वारले, आणि मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय केला. आईने परोपरीने विनविले. एकदा स्वतः सरणावरून परतलेल्या त्या माउलीला लेकीस काही परतविता आले नाही. नर्मदातीरी ते तिला पाहावे लागले.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी बाईंचे देहावसान झाले. गादी तुकोजीरावांकडे गेली. ते मल्हाररावांच्या पोटचे नव्हेत. इंदूरच्या पुढल्या होळकरांचा वंश त्यांच्यापासून सुरू होतो.