चार्ल्स डॉटर

चार्ल्स थिओडोर डॉटर (जन्म: १४ जून १९२०, बॉस्टन, मृत्यू: १५ फेब्रुवारी १९८५, पोर्टलँड) हे अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञ होते. शरीर उघडून शस्त्रक्रिया न करता, क्ष-किरण प्रतिमेच्या आधारे बारीक नळी धमनीत सरकवून अडथळा दूर करण्याची पद्धत त्यांनी १९६४ मध्ये प्रथम यशस्वी केली. त्यांना इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी या वैद्यकशाखेचे जनक मानले जाते.

शिक्षण व कारकीर्द

डॉटर यांना लहानपणापासून यंत्रांची आवड होती. ड्यूक विद्यापीठातून १९४१ मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. १९५२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, ते पोर्टलँड येथील ओरेगन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरण विभागाचे प्रमुख झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले.

धमनी रुंदावण्याची पद्धत

सुई, तार आणि तारेवरून सरकणारी नळी (कॅथेटर) यांच्या साहाय्याने धमनीत शिरण्याची रीत स्वीडनचे सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडली होती. तिचा उपयोग केवळ निदानासाठी होत असे. १९६३ मध्ये एका रुग्णाची तपासणी करताना डॉटर यांची नळी बंद पडलेल्या धमनीतून नकळत आरपार गेली व रक्तप्रवाहाचा मार्ग मोकळा झाला. निदानाचे हेच साधन उपचारासाठी वापरता येईल, हा विचार त्यांनी त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियातील कार्लोव्ही व्हारी येथील परिषदेत मांडला.

१६ जानेवारी १९६४ रोजी ही संधी आली. पायाच्या बोटांना गँगरीन झालेल्या ८२ वर्षांच्या एका स्त्रीने पाय कापून घेण्यास नकार दिला होता. डॉटर यांनी तिच्या मांडीतील अरुंद धमनीतून आधी तार नेली, त्यावरून बारीक नळी आणि तिच्यावरून जाड नळी सरकवून धमनी रुंद केली. थंड पडलेले पाऊल लवकरच उबदार झाले आणि पाय वाचला. सुमारे अडीच वर्षांनी तिचा मृत्यू होईपर्यंत धमनी खुली राहिली. मेल्विन जडकिन्स यांच्यासह लिहिलेला याविषयीचा शोधनिबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

विरोध व प्रसार

रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांनी या पद्धतीकडे संशयाने पाहिले. काही जण रुग्णाला त्यांच्याकडे पाठविताना केवळ प्रतिमा घ्यावी, उपचार करू नये, असे बजावीत. त्यांना विक्षिप्तही ठरविण्यात आले. अमेरिकेत दुर्लक्ष होत असताना युरोपातील डॉक्टरांनी मात्र ही पद्धत वापरात ठेवली व तिला डॉटर यांचेच नाव दिले.

जाड नळ्यांमुळे धमनीला मोठे छिद्र पडे, ही या पद्धतीची मर्यादा होती. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७४ मध्ये आत शिरताना बारीक असणारा व अडथळ्याच्या जागी फुगविता येणारा फुगा वापरून ती दूर केली. १९७७ मध्ये झ्युरिक येथे त्यांनी हृदयाच्या धमनीवर प्रथम असा उपचार केला. त्यानंतर अमेरिकेतही या पद्धतीचा वेगाने प्रसार झाला.

साधने व अन्य संशोधन

आरंभी योग्य साधने उपलब्ध नसल्याने डॉटर गिटारच्या तारांसारख्या वस्तूंपासून ती स्वतः बनवीत. टेफ्लॉनच्या नळ्यांना ते ज्योतीवर तापवून आकार देत. पुढे बिल कुक यांच्या कंपनीने अशा साधनांचे उत्पादन केले. १९६९ मध्ये त्यांनी कुत्र्यांच्या धमन्यांत तारेची वेटोळी बसविण्याच्या प्रयोगांची माहिती प्रसिद्ध केली. आजच्या स्टेंटचे मूळ या प्रयोगांत आढळते.

अखेरचा काळ व वारसा

डॉटर यांना पर्वतारोहणाचा छंद होता. उत्तरायुष्यात त्यांना हॉजकिन्स लिम्फोमा हा कर्करोग झाला व हृदयावरही शस्त्रक्रिया करावी लागली. तरीही त्यांनी काम सोडले नाही. १९९० मध्ये पोर्टलँड येथे त्यांच्या नावाने संस्था स्थापन झाली.

अँजिओप्लास्टी आज भारतातही रूढ आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१३ मध्ये यवतमाळसह राज्यभर लागू झालेली शासकीय आरोग्य योजना आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्या उपचारांत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे.