लंडनने नाकारलेला ऑथेल्लो

एकांकिकेच्या ऑडिशनला कधी उभे राहिला असाल, तर हा प्रकार तुमच्या ओळखीचा असेल. संवाद चोख पाठ, आवाज खणखणीत, तरी मेन रोल जातो दुसऱ्याला. कारण काय, तर तुमचा चेहरा म्हणे हिरोचा नाही. तुमच्या वाट्याला येतो घरगडी, नाहीतर विनोदी शेजारी. आता विचार करा, चेहऱ्याच्या रंगामुळे एखाद्याला स्वतःच्या देशातली सगळी मोठी थिएटर्सच बंद असतील तर? आयरा आल्ड्रिज हा असाच एक अमेरिकन नट. त्याची जवळपास सगळी कारकीर्द घडली ब्रिटनमध्ये आणि युरोपात.

आयराचा जन्म २४ जुलै १८०७ चा, न्यूयॉर्कचा. त्या राज्यातली गुलामगिरी पूर्णपणे संपायला अजून वीस वर्षं होती. वडील धर्मोपदेशक. पोराने आपलाच मार्ग धरावा, अशी त्यांची इच्छा. पोराचं लक्ष मात्र नाटकात. १८२१ मध्ये विल्यम ब्राऊन या कृष्णवर्णीय माणसाने न्यूयॉर्कमध्ये आफ्रिकन ग्रोव्ह थिएटर सुरू केलं. नट कृष्णवर्णीय, प्रेक्षक कृष्णवर्णीय आणि नाटकं चक्क शेक्सपिअरची! हे काहींच्या डोळ्यांत खुपलं. हुल्लडबाजी झाली, पोलीस आले आणि दोन-तीन वर्षांत थिएटरला टाळं लागलं. अभिनयाची गोडी लागलेल्या आयराने हिशेब केला, की इथे आपल्याला भविष्य नाही. १८२४ मध्ये त्याने इंग्लंडला जाणारी बोट पकडली. वय वर्षं सतरा.

पुढच्याच वर्षी तो लंडनच्या रंगमंचावर उभा राहिला. रॉयल कोबर्ग थिएटरमध्ये (आजचं ओल्ड व्हिक) त्याने गुलाम झालेल्या आफ्रिकन राजपुत्राची भूमिका केली. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या. टाइम्सच्या समीक्षकाने मात्र लिहिलं, की या माणसाच्या ओठांची ठेवणच अशी, की त्याला इंग्रजी उच्चार जमणं शक्य नाही. मातृभाषा इंग्रजी असलेल्या नटाबद्दल!

लंडनची मोठी थिएटर्स दारात उभं करत नाहीत म्हटल्यावर आयरा गावोगावी निघाला. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड. आज या गावात, चार दिवसांनी पुढच्या. तेव्हा एकाच रात्री आधी मोठी शोकांतिका आणि मग छोटं प्रहसन, असा बेत असायचा. आयरा आधी ऑथेल्लो व्हायचा. देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे मराठी रंगभूमीला ओळखीचा झालेला तोच संशयी सेनापती. मग कपडे बदलून ‘द पॅडलॉक’ या प्रहसनातला मंगो नावाचा पियक्कड, गाणारा नोकर. आधी लोकांना रडवायचं, मग त्याच लोकांना हसवायचं. पुढे त्याने शायलॉक, मॅकबेथ, तिसरा रिचर्ड आणि लिअरही केले. गोरे नट तोंडाला काळं फासून ऑथेल्लो करायचे त्या काळात हा गडी गोरा मेकअप आणि विग लावून राजा लिअर व्हायचा!

जाहिरातीचं तंत्रही त्याला पक्कं ठाऊक होतं. रोशियस हा प्राचीन रोमचा नामांकित नट, म्हणून आयराच्या पोस्टरवर नाव झळकायचं ‘आफ्रिकन रोशियस’. छापील चरित्रात तर तो सेनेगलच्या राजघराण्यातला असल्याची कथा होती. ती साफ बनावट. पण एका धर्मोपदेशकाच्या हुशार पोराला तिकिटं खपवायला राजपुत्र व्हावं लागलं, यात त्या काळाबद्दल बरंच काही आलं.

१८२८ मध्ये कॉव्हेंट्री शहराचं थिएटर चालवण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली. वय अवघं वीस. तिथे नाटकांसोबत तो गुलामगिरीबद्दलही बोलायचा. त्यानंतर कॉव्हेंट्रीच्या लोकांनी गुलामगिरीविरोधात पार्लमेंटकडे अर्ज धाडला. नाटकाच्या मुक्कामाचा शेवट अशा भाषणाने करणं ही त्याची सवयच झाली.

आणि मग आली ती रात्र. मार्च १८३३ मध्ये एडमंड कीन हा त्या काळचा सर्वांत गाजलेला नट कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लो करताना स्टेजवरच कोसळला. १० एप्रिलला त्याच रंगमंचावर, त्याच भूमिकेत आयरा उभा राहिला. समोर डेस्डिमोनाच्या भूमिकेत एलन ट्री. वेळ कोणती, तर ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपवायची की नाही यावरून वातावरण तापलेलं. प्रेक्षकांनी दाद दिली, पण वृत्तपत्रांचा एक गट तुटून पडला. कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्या नटीला हात लावावा, हेच त्यांना सहन होईना. दोन प्रयोगांनंतर त्याचं नाव खाली उतरलं. त्याच ऑगस्टमध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा मंजूर झाला. कायदा बदलला, पण कॉव्हेंट गार्डनने आयराला परत बोलावलं नाही. लंडनच्या वेस्ट एंडमध्ये पुन्हा ऑथेल्लो करायला त्याला १८५८ साल पाहावं लागलं. पंचवीस वर्षं!

एवढी वर्षं माणूस कशावर तग धरतो? आयराच्या बाबतीत उत्तर सरळ आहे : प्रयोगांवर. तो पुन्हा छोट्या गावांकडे वळला आणि १८५२ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर निघाला. तिथे तो इंग्रजीत बोलायचा, बाकीचे नट आपापल्या भाषेत. तरीही थिएटर्स भरायची. जर्मन राज्यांनी त्याला पदकं दिली. १८५८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याची गाठ पडली युक्रेनियन कवी-चित्रकार तारास शेवचेन्कोशी. शेवचेन्को स्वतः वेठबिगार म्हणून जन्मलेला, नुकताच हद्दपारीतून सुटून आलेला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. ओळखीच्या घरातल्या मुली दुभाष्या झाल्या. शेवचेन्कोने काढलेलं आयराचं चित्र आजही आहे.

१८६३ मध्ये आयरा ब्रिटिश नागरिक झाला. यादवी युद्ध संपून अमेरिकेतली गुलामगिरी गेली, तेव्हा मायदेशी दौरा करण्याचं ठरत होतं. पण दौऱ्यावर असतानाच ७ ऑगस्ट १८६७ ला पोलंडमधल्या वूच शहरात तो गेला. वय साठ. कबरही तिथेच आहे. ज्या न्यूयॉर्कमधून तो सतराव्या वर्षी निघाला, तिथल्या प्रेक्षकांनी त्याचा ऑथेल्लो कधीच पाहिला नाही.

तो गेला तेव्हा त्याची मुलगी अमांडा जेमतेम तान्ही होती. पुढे ती संगीतकार आणि आवाजाची शिक्षिका झाली. १९३० मध्ये पॉल रॉबसन हा आणखी एक कृष्णवर्णीय अमेरिकन नट लंडनमध्ये ऑथेल्लो करायला आला. तेव्हा चौसष्टीच्या आसपास असलेल्या अमांडाने त्याला एक वस्तू दिली : तिच्या वडिलांनी ऑथेल्लो करताना घातलेली कानातली.