कर्नल साइक्स

भीमेच्या किंवा मुळा-मुठेच्या काठी भोई जाळे ओढीत आणि चकाकणारी मासळी वाळूवर पसरीत. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी या माशांची नावे टिपून घेण्याचा छंद एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला लागला. विल्यम हेन्री साइक्स हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म १७९० साली इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात झाला. मिसरूड फुटण्यापूर्वीच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या सैन्यात दाखल झाले. १८१७ साली खडकीच्या रणांगणावर ते पेशव्यांच्या फौजेविरुद्ध लढले. ज्या मुलखाशी तलवारीने गाठ पडली, त्याच मुलखाने पुढे त्यांचे मन जिंकून घ्यावे, हे नवलच!

१८२४ साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना दख्खनची माहिती व आकडे गोळा करण्याच्या कामावर नेमले. माणसे, पिके, पाऊस, पशू, पक्षी या साऱ्यांची त्यांनी नोंद घेतली. १८२९ साली ही जागाच रद्द झाली. तरी अपुरे काम टाकून जाणे त्यांना रुचले नाही. १८३१ पर्यंत ते त्यांनी स्वखुशीने पुरे केले आणि मगच मायदेश गाठला. पुढे ते कंपनीचे संचालक व पार्लमेंटचे सभासद झाले. १८७२ साली लंडन येथे त्यांचा अंत झाला.

दख्खनच्या माशांची त्यांची यादी १८३९ साली लंडनच्या विद्वानांपुढे आली. तिच्यातील बरेच मासे शास्त्राला सर्वस्वी नवे होते. त्यांना नावे देताना साइक्स यांनी येथील बोलीतील शब्दच उचलले. खुद्री, कोळस, मळ्या हे आपले शब्द त्यामुळे जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसले.

त्या यादीत चिलापी नाही. ती कोठून असणार? चिलापी, म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली. भारतात ती १९५२ साली आणली गेली. सायप्रिनस त्यापूर्वीच, १९३९ साली, सिंहलद्वीपातून निलगिरीत आला होता. १९५९ साली गवत्या व चंदेरा आले. देशात अन्नाची टंचाई होती, आणि तळ्यात झपाट्याने वाढणारा मासा हा गरिबांना स्वस्त व सकस आहार होता. कळंब-यवतमाळकडील तलाव असोत की पुण्याकडील जलाशय, गंगेच्या खोऱ्यातील रोहू-मृगळांची बोटुकलीही त्यांत सोडण्यात येऊ लागली. त्यावर अनेक कुटुंबांची चूल पेटली, हे विसरून चालणार नाही.

परंतु तळ्यातला मासा तळ्यातच राहत नाही. पावसाळ्यात सांडवा वाहू लागला की तो ओढ्यावाटे नदी गाठतो. चिलापीची मादी अंडी व पिले तोंडात धरून जपते, आणि वर्षातून अनेक वेळा वीण देते. आपले पुष्कळसे नदीतले मासे मात्र पावसाळ्यात एकदाच अंडी घालतात. ती घालून मोकळे होतात, पिलांची राखण करीत नाहीत. भीमेवरील उजनीच्या जलाशयात आज चिलापीचेच राज्य आहे. धरणांनी अडविलेल्या वाटा आणि शहरांचे सांडपाणी यांचाही दोष आहेच.

अलीकडे पुण्याच्या अभ्यासकांनी मुळा-मुठेतील मासे जुन्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा काही देशी जाती सापडेनाशा झाल्याचे आढळले. पूर्वी काय होते हेच ठाऊक नसते, तर काय गेले हे कसे उमगले असते? त्या नोंदींचा आरंभ साइक्स यांच्या यादीपासून होतो.

याच यादीतील खुद्रीची पुढची हकीकत मोठी विलक्षण आहे. हा महसीर जातीचा मासा दुर्मीळ होऊ लागला, म्हणून लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याची पैदास करण्यात आली. पुढे पैदास केलेली खुद्रीची पिले दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महसीर होता. खुद्री तेथे फोफावली, तसा तो मागे हटत गेला. आता तो मोयारसारख्या थोड्याच प्रवाहांत उरला आहे.