बांबूच्या काड्यांवर खाचा पाडून त्यानं सागाचं जंगल मोजलं, आजही सागवान तोडताना त्याचाच हिशोब कामी येतो

परभणीहून परळीला जाणाऱ्या रेल्वेवर पोखर्णी नृसिंह नावाचं स्टेशन आहे. नृसिंहाच्या मंदिरामुळे गाव लोकांना माहीत. आजूबाजूला काळी जमीन, कापूस, सोयाबीन, ज्वारी. परभणी जिल्ह्यात जंगल म्हणाल तर अगदी नावापुरतं.

अशा भागात एखाद्यानं बांधावर किंवा एकरभर रानात साग लावला, की आठ-दहा वर्षांनी एक प्रश्न हमखास येतो. झाडं उंच झालीत, एकमेकांना भिडलीत, पण जाडी काही वाढत नाही. आता यातली काढायची किती आणि ठेवायची किती? पोरासारखी वाढवलेली झाडं अर्ध्यात तोडायला कुणाचा हात धजावत नाही. मग सगळीच उभी राहतात आणि सगळीच काठीसारखी राहतात.

याच प्रश्नाचं उत्तर शोधत पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक जर्मन माणूस हत्तीवर बसून ब्रह्मदेशातल्या जंगलात फिरत होता. त्याचं नाव डिट्रिश ब्रँडिस. भारतातल्या वनखात्याचा हा पहिला प्रमुख.

गंमत म्हणजे हा गडी मुळात जंगलखात्यातला नव्हताच.

1824 साली जर्मनीतल्या बॉन शहरात त्याचा जन्म झाला. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ग्रीसच्या राजाच्या दरबारी वडिलांना काम मिळालं म्हणून लहानपणीची काही वर्षं अथेन्समध्ये गेली. पुढं वनस्पतिशास्त्र शिकून तो बॉनलाच शिकवायला लागला. आयुष्य तिथंच वर्गात गेलं असतं, पण 1854 साली त्यानं रेचल मार्शमन हिच्याशी लग्न केलं आणि गाडी भारताच्या रुळावर आली.

रेचल ही श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांपैकी जोशुआ मार्शमन यांची मुलगी. श्रीरामपूर म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं. त्याच श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीनं 1805 साली मराठी भाषेचं व्याकरण छापलं होतं. रेचलची बहीण जनरल हॅवलॉकची बायको. या नात्यागोत्यातून ब्रँडिसचं नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीपर्यंत पोचलं.

डलहौसीला अशा माणसाची गरजच होती.

त्या काळात सागाला सोन्याचा भाव होता. सागाचं लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही, वाळवी सहसा लागत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागाची जहाजं जगभर फिरत होती. त्यातलं 1817 सालचं ट्रिंकोमाली इंग्लंडमध्ये आजही पाण्यावर तरंगतंय. त्यात 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि लाकडाची भूक आणखी वाढली. एक मैल रूळ टाकायचा तर सतराशे ते दोन हजार स्लीपर लागायचे. मुंबई इलाख्यात 1847 पासून अलेक्झांडर गिब्सन जंगलं राखायचा प्रयत्न करत होता, पण मागणीपुढं एकट्याचं काय चालणार.

ब्रह्मदेशात तर अनुभव फारच वाईट होता. मौलमेनच्या बाजूची सागाची जंगलं इंग्रजांनी परवाने देऊन व्यापाऱ्यांना मोकळी केली होती. नियम कागदावर होते, पण व्यापाऱ्यानं समोर दिसेल ते झाड पाडलं. काही वर्षांत तिथला चांगला साग संपत आला. 1852 च्या लढाईनंतर पेगू प्रांत इंग्रजांकडे आला, तेव्हा तिथल्या जंगलाचंही तेच होणार हे उघड दिसत होतं. 1855 साली डलहौसीनं पेगूच्या सागाबद्दल सरकारचं धोरण ठरवलं आणि 1856 च्या सुरुवातीला ब्रँडिस तिथं जंगलाचा अधिकारी म्हणून हजर झाला.

आता त्याच्यासमोर पेच होता. सरकारला लाकूड पाहिजे, व्यापाऱ्यांना लाकूड पाहिजे, आणि जंगलही टिकलं पाहिजे. पण किती तोडलं म्हणजे टिकेल? हे सांगायला आधी जंगलात आहे काय ते माहीत पाहिजे. आणि ते कुणालाच माहीत नव्हतं.

ब्रँडिसनं मोजायचं ठरवलं.

हजारो चौरस मैलांचं जंगल झाड न झाड मोजणं शक्य नव्हतं. म्हणून त्यानं जंगलातून जाणारी एक वाट धरायची आणि त्या वाटेच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक पट्ट्यातली सागाची झाडं मोजायची, अशी पद्धत काढली. भातातलं शीत चाचपून बघावं तशी. झाडांचे घेरावरून चार वर्ग केले. सहा फूट आणि त्याहून जास्त घेराचं झाड पहिल्या वर्गात. साडेचार ते सहा फुटांचं दुसऱ्यात. दीड ते साडेचार फुटांचं तिसऱ्यात आणि त्याहून बारीक सगळी चौथ्यात.

सुरुवातीला तो कागदावर लिहायचा. ब्रह्मदेशातल्या पावसात आणि दमट हवेत कागदाचा लगदा व्हायला लागला. मग त्यानं बांबूच्या चार काड्या घेतल्या, एका वर्गाला एक. हत्तीवर बसायचं, डाव्या हातात काड्या धरायच्या, झाड दिसलं की खिशातल्या चाकूनं त्या वर्गाच्या काडीवर एक खाच पाडायची. संध्याकाळी मुक्कामावर खाचा मोजायच्या. दुधाचा किंवा पेंढ्यांचा हिशोब भिंतीवर रेघा मारून ठेवणारी माणसं आपल्याकडंही होती. हा त्याच जातीचा हिशोब, फक्त जंगलाएवढा.

या खाचांमधून त्यानं तोडीचा नियम काढला. दुसऱ्या वर्गातलं झाड पहिल्या वर्गात यायला साधारण 24 वर्षं लागतात असा त्याचा अंदाज निघाला. म्हणून पहिल्या वर्गात जेवढी झाडं आहेत, त्यांच्या चोविसाव्या हिश्शाएवढीच वर्षाला तोडायची. जुनी सगळी तोडून होईपर्यंत मागची तेवढीच जाड होऊन रांगेत उभी राहतात. बँकेतलं व्याज खायचं आणि मुद्दलाला हात लावायचा नाही, इतका साधा हा हिशोब आहे.

तोडणीची पद्धतही सांगण्यासारखी आहे. सागाचं ओलं लाकूड पाण्यात बुडतं. म्हणून निवडलेल्या झाडाच्या बुंध्याभोवतीची साल आणि खालचं पांढरं लाकूड गोल कापून झाड उभ्यानंच वाळू द्यायचे. दोन-तीन वर्षांनी ते पाडायचं, हत्तींनी ओढ्यापर्यंत ओढायचं आणि पावसाळ्यात पाणी चढलं की ओंडके नदीतून रंगूनच्या दिशेनं सोडून द्यायचे. म्हणजे आज निवडलेल्या झाडाचा पैसा हातात यायला तीन-चार वर्षं.

व्यापाऱ्यांना हा माणूस आवडणं शक्यच नव्हतं. मौलमेन आणि रंगूनच्या लाकूड व्यापाऱ्यांनी सरकारकडं तक्रारींचा धडाका लावला. जंगलं खाजगी व्यापाराला खुली करा, हा जर्मन धंदा बुडवतोय, असा सूर होता. 1860 च्या सुमारास सरकारनं काही प्रमाणात ऐकलंही आणि काही जंगलं परवान्यावर खाजगी व्यापाऱ्यांना दिली. पण तोवर ब्रँडिसकडं आकडे जमले होते. जंगल राखूनही सरकारला नफा होतो, हे तो वहीतून दाखवू शकत होता. व्यापाऱ्यांकडं फक्त ओरड होती.

दुसरं काम त्यानं केलं ते लागवडीचं. डोंगरातले करेन लोक जंगलाचा तुकडा कापून, जाळून त्यात भात घ्यायचे आणि मग पुढं सरकायचे. ब्रँडिसनं त्यांच्याकडूनच त्या भातात साग लावून घ्यायला सुरुवात केली. भात त्यांचा, साग सरकारचा. या पद्धतीला टाँग्या म्हणतात आणि ती पुढं भारतभर पसरली. करेन लोकांसाठी मात्र हा सौदा सरळ नव्हता. साग वाढला की ती जमीन त्यांना परत कसायला मिळत नसे. सरकारला लागवड स्वस्तात पडली, एवढं खरं.

1863 साली रेचल वारली. त्याच सुमारास ब्रँडिसला ब्रह्मदेशातून बोलावून सगळ्या भारताच्या जंगलांचं काम दिलं गेलं आणि 1864 साली तो जंगलांचा पहिला इन्स्पेक्टर जनरल झाला. त्यानं जर्मनीहून श्लिच आणि रिबेनट्रॉप असे तरुण आणले, इंग्रज पोरांना फ्रान्स-जर्मनीत शिकायला पाठवलं. 1878 साली डेहराडूनला वनशिक्षणाची शाळा सुरू झाली, तीही त्याच्याच खटपटीतून. मेळघाटापासून आलापल्लीपर्यंतची आपल्याकडची सागाची जंगलं याच व्यवस्थेखाली आली. परभणी मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात.

पण याच 1878 सालात ब्रँडिस एक मोठी लढाई हरला. नवा वनकायदा येत होता. बेडन पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याचं म्हणणं, जंगल सगळं सरकारचं, गावकऱ्यांचे हक्क वगैरे काही नाहीत. ब्रँडिसला गावांचे जुने हक्क मान्य करून गावांसाठी वेगळी जंगलं ठेवायची होती. कायद्यात ग्रामवनाची तरतूद आली, पण प्रत्यक्षात बेडन पॉवेलचीच सरशी झाली. सरपण, गवत, चराई यासाठी माणसं सरकारच्या दारात उभी राहिली. त्याचा भडका 1930 साली पुसद आणि चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात दिसला. चिरनेरला तर गोळीबार झाला. ब्रँडिस त्यावेळी हयात नव्हता, पण ज्या खात्याविरुद्ध लोक उठले ते त्यानंच उभं केलेलं होतं. त्याचं मोठेपण सांगताना ही बाजू झाकता येत नाही.

आता परत पोखर्णीकडं येऊ.

शेतातला साग आणि ब्रँडिसचं जंगल यात एक फरक आहे. जंगलात सगळ्या वयाची झाडं असतात. शेतात सगळी एकाच दिवशी लावलेली. त्यामुळं चोविसावा हिस्सा इथं चालत नाही, इथं विरळणी चालते. दोन बाय दोन मीटरवर सागजडी लावली तर एकरात हजारभर झाडं बसतात. लहानपणी ही दाटी चांगली, कारण झाड फांद्या न करता सरळ वर जातं. पण पाचव्या वर्षाच्या आसपास शेंडे एकमेकांना भिडतात. तेव्हा एकाआड एक झाड काढून पाचशेवर यायचं. दहाव्या वर्षाच्या सुमारास परत निम्मी. त्यानंतर हिशोब रांगेचा नाही, झाडाचा. वाकडं, दुबेळक्याचं, रोगट, दुसऱ्याच्या सावलीत दबलेलं झाड आधी काढायचं, सरळ आणि जोमदार ठेवायचं. पन्नास-साठ वर्षांचा फेरा धरला तर शेवटी एकरी शंभराच्या आतच झाडं उरतात. पैसा त्यांचाच. विरळणीतले वासे, बल्ल्या खर्चापुरते.

तोडायच्या आधी मोजायचं, ही ब्रँडिसची सवय मात्र जशीच्या तशी उपयोगी पडते. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर, दोरीनं घेर मोजायचा, वर्षाला एकदा वहीत लिहायचा. घेर वाढायचा थांबला की झाडं दाटीत अडकली हे समजतं. जमीन भारी काळी आणि पाणी धरणारी असेल तर साग आधीच रडत वाढतो, तिथं कुठलीच विरळणी चमत्कार करत नाही.

हा हिशोब माहीत नसल्यानं 1990 च्या दशकात अनेकांनी हात पोळून घेतले. सागवानात पैसे गुंतवा, वीस वर्षांत लखपती व्हा अशा योजना तेव्हा पेपरांच्या पानांवर असायच्या. कोवळ्या सागात गाभा थोडा आणि बाहेरचं पांढरं लाकूड जास्त, त्याला जुन्या सागाचा भाव कसा मिळणार? 1999 साली सेबीला अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले.

आणि हो, स्वतःच्या रानातला साग असला तरी थेट कुऱ्हाड लावता येत नाही. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग आहे, म्हणून तोडीची परवानगी लागते. सातबारावर झाडांची नोंद असली की काम सोपं होतं. माल हलवायला वाहतूक पास लागतो. विरळणीच्या झाडांनाही सूट आहे असं धरून चालू नये.

ब्रँडिस 1883 साली भारतातून निवृत्त झाला. 1867 मध्ये त्यानं काथरिना हासे हिच्याशी दुसरं लग्न केलं होतं. निवृत्तीनंतर तो तरुणांना वनशास्त्र शिकवत राहिला. त्यातला एक गिफर्ड पिंचो पुढं अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. 1906 साली, वयाच्या ब्याऐंशीच्या घरात, त्याचं भारतातल्या झाडांवरचं मोठं पुस्तक छापून आलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात बॉनमध्ये त्याचं निधन झालं.

ब्रह्मदेशातल्या एका जाडजूड बांबूला शास्त्रज्ञांनी त्याचं नाव दिलं. तोच आज रोपवाटिकांमध्ये ब्रँडिसी म्हणून मिळतो.