नाण्यांना बोलते करणारे गणिती

आपल्या खानदेशात आजीच्या पेटीत एखादा जुना चांदीचा रुपया अजूनही सापडतो. कधी शेत नांगरताना, तर कधी जुन्या घराचा पाया खणताना नाण्यांनी भरलेले मडके निघते. शेजारच्या बुऱ्हाणपूरला मोगलांची टाकसाळ होती. तेथे पाडलेल्या रुपयांवर फारसी अक्षरे असतात. उर्दू वाचणाऱ्या मुलाला त्यातील काही अक्षरे सहज ओळखता येतात. बादशहाचे नाव आणि हिजरी सन वाचला की नाण्याची ओळख पटते.

पण नाण्यावर एकही अक्षर नसेल तर? राजाचे नाव नाही, वर्ष नाही, गावही नाही. असे नाणे किती जुने आहे, हे कसे सांगायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एका गणिताच्या प्राध्यापकांनी हाती तराजू घेतला. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक होते. ज्ञान मिळवण्यासाठी त्यांनी घर सोडून दूरदूरचा प्रवास केला होता. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ग्रंथाच्या कामासाठी बोलावले. १९१८ साली ते दामोदरलाही बरोबर घेऊन गेले. त्यामुळे दामोदरचे शालेय शिक्षण अमेरिकेत झाले. पुढे हार्वर्ड विद्यापीठातूनच १९२९ साली तो उत्तम गुणांनी पदवीधर झाला. गणिताबरोबरच त्याने अनेक भाषाही आत्मसात केल्या.

भारतात परतल्यावर कोसंबी प्रथम बनारसला शिकवू लागले. १९३१ साली ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. आंद्रे वेय हे फ्रेंच गणिती तेव्हा तेथे होते. त्यांनीच कोसंबींना बोलावून घेतले होते. त्यानंतर कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १९४५ पर्यंत त्यांनी तेथे गणित शिकवले.

पुण्यात असताना त्यांनी संख्याशास्त्राचा अभ्यास सुरू केला. खूप मोजमापे गोळा करून त्यांतून नियम शोधणे, हे या शास्त्राचे काम. नुसती पुस्तके वाचून हे शास्त्र अंगी बाणणार नाही, असे त्यांना वाटले. म्हणून सोडवण्यासाठी त्यांनी एक खरा प्रश्न निवडला. तो होता आपल्या देशातील सर्वांत जुन्या नाण्यांचा.

या नाण्यांना आहत नाणी म्हणतात. ती चांदीच्या पत्र्याचे लहान तुकडे कापून केलेली असतात. एका तुकड्याचे वजन साधारण सव्वातीन ते साडेतीन ग्रॅम असते. त्याच्या एका बाजूवर सूर्य, चक्र, डोंगर, हत्ती, झाड अशी ठोकून उमटवलेली चिन्हे असतात. बहुतेक नाण्यांवर अशी पाच चिन्हे दिसतात. मागच्या बाजूला मात्र बारीक बारीक खुणा असतात. काही नाण्यांवर एखादीच खूण, तर काहींवर पुष्कळ. गंमत अशी, की नाण्याला उर्दूत आपण सिक्का म्हणतो आणि मराठीत ठशाला शिक्का म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे.

जुन्या नाण्यांकडे जाण्यापूर्वी कोसंबींनी चालू नाणी हाती घेतली. लोकांच्या हातांतून, गल्ल्यांतून, खिशांतून फिरणारी नाणी त्यांनी जमवली. ज्या वर्षी ती पाडली गेली, त्या वर्षाप्रमाणे त्यांचे गट केले. मग अतिशय नाजूक तराजूवर एकेक नाणे ठेवून त्याचे वजन लिहून ठेवले. अशी शेदोनशे नव्हे, हजारो नाणी त्यांनी तोलली.

या कंटाळवाण्या कामातून एक सुंदर नियम हाती आला. नाणे एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तेव्हा त्याचा अगदी सूक्ष्म अंश झिजतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पण वर्षे जातात तसे वजन कमी होत जाते. एकाच वर्षी पाडलेली सगळी नाणी सारखी झिजत नाहीत. एखादे खूप फिरते, तर एखादे पेटीत पडून राहते. म्हणून एकट्या नाण्यावरून काहीच ठरवता येत नाही. परंतु शेकडो नाण्यांची सरासरी काढली, तर ती वर्षागणिक नियमितपणे उतरत जाते. म्हणजे झीज हेच नाण्याचे घड्याळ होय!

आता हे घड्याळ त्यांनी जुन्या नाण्यांना लावले. रावळपिंडीजवळ तक्षशिला हे प्राचीन नगर होते. ते ठिकाण आज पाकिस्तानात आहे. तेथे १९२४ साली हजाराहून अधिक आहत नाण्यांचा एक ठेवा सापडला होता. त्यात सिकंदराची दोन नाणी आणि त्याच्यानंतर राजा झालेल्या फिलिपचे एक नाणे होते. त्यामुळे हा ठेवा केव्हा पुरला गेला असेल, याचा अंदाज करता आला. नाण्यांची वजनेही छापून आली होती. मागच्या खुणांचा आणि वजनाचा काही संबंध नाही, असे तोपर्यंत मानले जात होते. कोसंबींनी तेच आकडे पुन्हा गणिताने तपासले. खुणा जितक्या जास्त, तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना दिसून आले. याचा अर्थ काय? व्यापारी आणि सराफ वेळोवेळी नाणे पारखत आणि खरे ठरल्यावर त्यावर बारीक खूण ठोकत. जितक्या वेळा तपासणी, तितके नाणे जुने. अक्षर नसलेले नाणे असे बोलू लागले.

नाण्याची पहिली परीक्षा वजनाची, हे जगातील इतर लोकांनाही ठाऊक होते. मिस्र देशाचेच पाहा. तेथील फिरऔनांनी पिरॅमिड बांधले, तेव्हा तेथे नाणीच नव्हती. धान्य आणि तोललेली धातू यांवर व्यवहार चाले. सिकंदराने इसवी सनापूर्वी ३३२ मध्ये तो देश घेतला. त्यानंतर टॉलेमी राजांच्या काळात तेथे नाण्यांचा वापर रुजला. पुढे उमय्या खलिफांच्या काळी मिस्रमध्ये दीनार आणि दिरहम तोलण्यासाठी काचेची वजने करीत. त्यांवर अधिकाऱ्यांची नावे उमटवलेली असत. पाऱ्याच्या थेंबाएवढाही फरक राहू नये, म्हणून एवढी काळजी!

कोसंबींचे सर्वच निष्कर्ष विद्वानांनी मान्य केले नाहीत. कोणते चिन्ह कोणत्या राजाचे, यावर मतभेद झाले. पण मोजून, तपासून मगच बोलायचे, ही त्यांची पद्धत टिकून राहिली. १९४५ नंतर त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. राहणे पुण्यात आणि काम मुंबईत. त्यामुळे डेक्कन क्वीन गाडीने ते ये-जा करीत. सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पायी फिरून ते प्राचीन माणसाची दगडी हत्यारे गोळा करीत. १९५६ साली प्राचीन भारताच्या इतिहासावरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. राजांच्या लढायांपेक्षा सामान्य माणसे कशी जगत होती, हे त्यांनी त्यात शोधले.

फेब्रुवारी १९६६ मध्ये नाण्यांच्या शास्त्रावरचा त्यांचा लेख एका प्रसिद्ध अमेरिकन मासिकात आला. त्यानंतर चारच महिन्यांनी, २९ जून १९६६ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ५८ वर्षांचे होते. २००८ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

विद्यार्थी मित्रांनो, तक्षशिलेचा तो ठेवा वाटून घेतला असता किंवा आटवून त्याचे दागिने केले असते, तर चांदी तेवढी उरली असती. इतिहास मात्र कायमचा गेला असता. म्हणून जमिनीत नाणी सापडली, तर ती घासून चकाकवू नयेत, वाटून घेऊ नयेत आणि लपवूही नयेत. असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, असा १८७८ सालचा कायदाच आहे. आणि तुम्हांला नाणी जमवण्याचा छंद असेल, तर प्रत्येक नाण्याजवळ एक चिठ्ठी ठेवा. नाणे कोठे मिळाले, केव्हा मिळाले आणि त्याचे वजन किती, हे तिच्यावर लिहा. नाण्याची किंमत सराफ सांगेल. पण त्याची हकीकत त्या चिठ्ठीमुळेच टिकेल.